यूपीआय लाइट: रस्त्यावरच्या खर्चाचा वेगळा खिसा

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, दहाच्या सुमाराला एका हातात भुट्ट्याच्या किसाचा दोना असतो, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर पैसे द्यायचं पान आधीच उघडलेलं. पैसे मागणाऱ्या अनोळखी माणसाला याहून सोयीची वेळ सापडत नाही. ‘सुट्टे नाहीत’ म्हणून सुटका व्हायचे दिवस गेले. ‘कोई बात नहीं भिया, ऑनलाइन डाल दो’ हे उत्तर तयारच असतं. म्हणून यूपीआय लाइटचं हे परीक्षण त्याच एका बाजूने केलं आहे. राजवाडा, छप्पन दुकान, खजराना गणपतीचं देऊळ, सरवटे बसस्टँड अशा ठिकाणी कुणी पैशासाठी आडवं आलं, तर ही सोय कितपत वाचवते आणि कुठे स्वतःच भोक पाडून ठेवते?

आधी वस्तू काय आहे ते. लाइट म्हणजे तुमच्या बँक खात्यातून थोडी रक्कम बाजूला काढून फोनमधल्या ॲपात ठेवलेला खिसा. सप्टेंबर २०२२ मध्ये ही सोय आली तेव्हा एका वेळी २०० रुपये देता येत आणि खिशात २,००० मावत. २०२३ मध्ये एका वेळची मर्यादा ५०० झाली. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १,००० केली आणि खिशाची मर्यादा ५,००० वर नेली. पैसे भरताना पिन लागतो, देताना लागत नाही. प्रत्येक छोट्या व्यवहाराला बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जावं लागत नसल्यामुळे गर्दीच्या वेळी पैसे अडकण्याचं प्रमाण कमी. शिलकीवर व्याज नाही. पाचशे-हजारावर व्याज मोजत कोण बसणार म्हणा.

जाहिरातीत सगळा भर वेगावर असतो. आमच्या मते लाइटचा खरा उपयोग त्या पिनच्या पानात आहे. रोजचा चहा, पोहे-जिलबी, ई-रिक्षा, पार्किंग हे सगळं लाइटमधून जाऊ लागलं की पिनचं पान दिवसभरात दिसेनासं होतं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पैसे देताना ते पान अचानक समोर आलं, की हात आपोआप थबकतो. रक्कम हजाराच्या वर गेली किंवा लाइटमध्ये तेवढी शिल्लक नसली, की ॲप मुख्य खात्याकडे वळतं आणि पिन मागतं. रोज दहा वेळा पिन दाबणाऱ्याला हे पान दिसतसुद्धा नाही, बोटं सवयीने चालतात. मुख्य खात्यातून यूपीआयने साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंत रक्कम जाऊ शकते, हे लक्षात घेतलं तर या थबकण्याची किंमत कळते. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करायची सोय असेल तर तीही पाच-दहा हजारांवर आणून ठेवावी.

बसवायला दोन-तीन मिनिटं लागतात. ॲपमध्ये यूपीआय लाइट शोधायचं, बँक निवडायची, रक्कम टाकायची, एकदा पिन द्यायचा. प्रश्न रकमेचा. मर्यादा पाच हजारांची आहे म्हणून पाच हजार भरणं हा पहिला चुकलेला निर्णय. इंदुरात दोघांचं सराफ्यातलं खाणं, जाण्या-येण्याची रिक्षा आणि वर थोडं, यासाठी ७०० ते ८०० पुरतात. एकट्याच्या रोजच्या फिरण्याला ५०० पुष्कळ. जत्रेसारख्या गर्दीच्या दिवशी, म्हणजे रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) किंवा अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (चित्ररथ) पाहायला निघताना, आणखी कमी ठेवावेत.

दुसरा चुकलेला निर्णय आपोआप भरण्याचा. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की खात्यातून लाइटमध्ये पैसे पुन्हा आपोआप येतात, अशी सोय आहे. दुकानदारीच्या दृष्टीने छान, पण आपल्या कामाच्या दृष्टीने खिशाला बूडच राहत नाही. पैसे संपले हे कळण्याची एक जागा होती, तीच बुजते. ही सोय बंद ठेवावी आणि घरी बसून हाताने भरावं. भर रस्त्यात, कुणी शेजारी उभं असताना भरू नये. तो पिन पाहणारे डोळेही शेजारीच असतात.

आता लाइटचा उघडा दोष. देताना पिन लागत नाही, म्हणजे ॲप उघडं असलेला फोन ज्याच्या हातात, त्याच्या हातात तो खिसा. ‘एक कॉल करायचाय, बॅटरी संपली’ म्हणणाऱ्याच्या हाती फोन द्यायचा नाही, यामागचं एक कारण फोन घेऊन पळणं आणि दुसरं हे. मदत करायचीच असेल तर नंबर विचारून स्वतः लावावा, स्पीकर चालू करावा आणि फोन आपल्याच हातात धरावा. खरी गरज असलेला माणूस तेवढ्यावर बोलून घेतो. पैशाच्या ॲपला फोनच्या कुलपाव्यतिरिक्त बोटाचं किंवा आकड्यांचं वेगळं कुलूप लावावं, आणि स्क्रीन तीस सेकंदांत बंद होईल असं करावं. पाच मिनिटांवर ठेवलेली स्क्रीन हा दोष आपण आपल्या हाताने मोठा करतो.

जिथे लाइटचा काहीच उपयोग होत नाही, तो प्रकार सध्या जास्त पाहण्यात आहे. यात समोरचा माणूस रोकड मागतो. ‘मेडिकलवाला ऑनलाइन घेत नाही, पाचशे कॅश द्या, आत्ता तुम्हाला टाकतो.’ तुमचा नंबर विचारतो, स्वतःच्या फोनवर काहीतरी दाबतो आणि पडदा तुमच्यापुढे धरतो: हिरवी खूण, तुमचं नाव, रक्कम, खाली बाराआकडी क्रमांक, वर ‘टिंग’ असा आवाज. हे सगळं दाखवणारी बनावट ॲपं असतात. नाव आणि रक्कम त्यानेच टाकलेली असते. दुकानात ध्वनिपेटी बोलते म्हणून दुकानदार निदान थोडा सावध असतो, रस्त्यावरच्या माणसाकडे ती कुठून असणार? त्याच्या पडद्याकडे पाहूच नये. आपलं ॲप उघडावं, व्यवहारांची यादी खाली ओढून ताजी करावी आणि मुख्य खात्याची शिल्लक तपासावी. इथे एक गोष्ट नेमकी गोंधळ करते: आलेले पैसे लाइटमध्ये दिसत नाहीत, ते नेहमी बँक खात्यातच जमा होतात. लाइटचा आकडा पाहून ‘आले नाहीत’ किंवा ‘आले असतील’ असे दोन्ही अंदाज चुकतात. मेसेज आला असेल तर पाठवणारा पाहावा. दहाआकडी मोबाइल नंबरवरून आलेला ‘क्रेडिटेड’ हा मेसेज बँकेचा नसतो, बँकेच्या मेसेजवर अक्षरांचं नाव असतं. आणि तो म्हणाला की ‘सर्व्हर डाउन है, पाच मिनट में आ जाएगा’, तर रोकडही पाच मिनिटांनीच द्यावी. बहुतेक जण त्या पाच मिनिटांत दुसरं गिऱ्हाईक शोधतात.

याच्याच उलटा खेळ म्हणजे पैसे खरोखर येतात. खात्यात दोन हजार जमा होतात आणि मागोमाग फोन, किंवा थेट समोर उभा राहिलेला माणूस: चुकून गेले, परत करा, पण या दुसऱ्या नंबरवर. हे करू नये. ती रक्कम कुणा तिसऱ्याला फसवून आलेली असू शकते. त्याने तक्रार केली की पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले त्यांवर बँक रोक लावू शकते, आणि तुमचं खातंही त्या साखळीत येतं. त्याला सांगावं की तुझ्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार टाक. आपणही आपल्या बँकेला कळवावं आणि रक्कम तशीच राहू द्यावी. रडारड झाली तरीही.

पैशाची मागणी थेट फोनवर धाडायची, ती मान्य करताना समोरच्याने पिन दाबायचा, या रस्त्याने फार लोक लुटले गेले. व्यक्तीकडून व्यक्तीला मागणी पाठवायची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ते बरं झालं. क्यूआरचा धोका मात्र आहेच. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही, पिनही लागत नाही. ‘तुम्हाला पैसे मिळतील, हा कोड स्कॅन करा’ असं म्हणणारा तुमच्याकडूनच पैसे काढतो आहे, आणि लाइट सुरू असेल तर हजाराच्या आतली रक्कम पिनसुद्धा न विचारता जाते. इथे लाइट तुमच्या विरुद्ध जातो, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे.

वर्गणीसाठी येणाऱ्यांना हाच नियम थोड्या फरकाने. गणपतीच्या आधी रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर भागांत पावतीपुस्तक घेऊन येणारे निम्मे तरी ओळखीचे असतात, प्रश्न उरलेल्यांचा. कोड स्कॅन केला की पैसे देण्याआधी खात्यावरचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. २०२५ च्या मध्यापासून ॲपांना तेच नाव दाखवावं लागतं. पावतीवर मंडळाचं नाव आणि पडद्यावर भलत्याच कुणाचं, असं असेल तर विचारावं की हे कोण. मंडळाचे खजिनदार असतील तर सांगतील. कोडावर कोड चिकटवलेला नाही ना, हे नखाने कडा उचलून पाहायला दोन सेकंद लागतात.

सरवटे किंवा गंगवाल बसस्टँडवर ‘पाकीट मारलं, गावी जायला भाडं नाही’ म्हणणारा येतो. यातले काही खरंच अडकलेले असतात, म्हणून सरसकट झिडकारणं आम्हाला पटत नाही. गाव कुठलं ते विचारावं, त्याच्याबरोबर तिकिटाच्या खिडकीशी किंवा कंडक्टरपाशी जावं आणि तिकीट काढून द्यावं. पैसे थेट कंडक्टरला जातात, लाइटमधून जातात, आणि भाड्यापेक्षा रुपयाही जास्त जात नाही. ‘तिकीट नको, पैसेच द्या’ आलं की बोलणं तिथेच संपतं. रेल्वे स्टेशनवर असाल तर १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे. अडकलेल्या प्रवाशाला तो दाखवणं हीसुद्धा मदतच.

सिग्नलवर आणि देवळासमोर भीक देण्याबद्दल: इंदूर जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देण्यावरही बंदी आणली होती, आणि त्या महिन्यात खंडवा रोडच्या एका देवळासमोर दहा रुपये देणाऱ्या वाहनचालकावर गुन्हा दाखल झाला. दान करायचंच तर खजरान्यात दानपेटी आहे, अन्नक्षेत्र आहे. गाडीची काच खाली करून फोन बाहेर काढणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

दोघा-तिघांनी घेरून मागितलं, तर लाइट, पिन, नाव तपासणं हे सगळं विसरावं. शर्टाच्या वरच्या खिशात शंभर-दोनशेच्या नोटा वेगळ्या ठेवलेल्या असाव्यात, त्या देऊन उजेडाच्या दुकानाकडे चालू लागावं आणि तिथून ११२ लावावा. फोन उघडून दाखवायचा नाही. उघडला की मागणी वाढते.

पैसे गेलेच तर १९३०. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक, आणि इथे वेळ सगळ्यात महाग: रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी अडवता आली तरच अडते. बोलताना लागणाऱ्या गोष्टी म्हणजे रक्कम, वेळ, आपली बँक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बाराआकडी क्रमांक. लाइटमुळे इथे एक अडचण होते. पासबुकात लाइटमध्ये भरलेली रक्कमच तेवढी दिसते, पुढचा एकेक खर्च दिसत नाही. तो क्रमांक फक्त ॲपच्या इतिहासात सापडतो. म्हणून व्यवहार उघडून त्याचा स्क्रीनशॉट लगेच घ्यावा आणि घाबरून ॲप काढून टाकू नये.

पाचपैकी साडेतीन. एक गुण पिन न विचारण्याचा कापला, अर्धा पासबुकाचा. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर बसवायचा असेल तर २०० रुपयांपासून सुरुवात करावी, आपोआप भरणं बंद आहे ना ते दोनदा पाहावं, आणि मुख्य खातं शक्यतो त्या फोनवर जोडूच नये. कमी शिलकीचं दुसरं खातं जोडावं. फोन हरवला तर बँकेला सांगून यूपीआय बंद करून घ्यावं आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करावा. लाइटमधली शिल्लक तेवढी गेली असं धरावं, नोटांचं पाकीट गेल्यासारखी. आणि जुना फोन विकायला जेल रोडवर नेणार असाल, तर आधी ॲपमध्ये जाऊन लाइट बंद करा म्हणजे उरलेले पैसे खात्यात परत येतात. फोन रीसेट त्यानंतर.