हॉल बांधायचा की माणूस नेमायचा?

तालुक्याच्या गावात ज्येष्ठांसाठी काही करायचं ठरलं की पहिला विषय निघतो विरंगुळा केंद्राचा. जागा बघतात, नारळ फुटतो, वर्षभरात फलक लागतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातही हाच ठराव आला होता आणि अनुमोदक मीच होतो. पुढे काही वर्षं केंद्राची किल्ली माझ्याकडे होती. नंतर घरोघर जाऊन मदत करायचं काम सुरू झालं, त्याची वहीही मीच लिहिली. तुमच्या संघापुढे किंवा नगरपालिकेपुढे आज तोच प्रश्न असेल, पैसे एकाच कामापुरते असतील, तर दोन्हीकडचं जे पाहिलं ते सांगतो. माझा कौल माणूस नेमण्याकडे आहे, हे आधीच कबूल करतो.

आधी डोकी मोजू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे ९.९ टक्के होते. ३०,००० वस्तीच्या गावात त्या हिशोबाने ३,००० माणसं होतात. पोरंबाळं पुण्या-मुंबईला गेलेल्या गावात जास्तच धरा. आमच्या केंद्रात खुर्च्या होत्या ४०.

त्या खुर्च्यांवर रोज बसायचे ते निवृत्त शिक्षक, एसटीतले, बँकेतले. सगळे पुरुष. सकाळी पेपर, संध्याकाळी कॅरम. बायका यायच्या वर्धापनदिनाला, तेही हळदीकुंकू ठेवलं तर. त्यांची बैठक दुपारी तीन ते पाच, देवळात, भजनी मंडळाची. त्यांना आमचा हॉल नकोच होता, आणि हे आम्ही बांधायच्या आधी विचारलं नव्हतं. केंद्र व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर, कारण पालिकेकडे तीच जागा मोकळी होती. पायऱ्या १९. गुडघे दुखायला लागले की सभासद गळायचा. प्रोस्टेटचा त्रास असलेले तर तासाभरात घरी परतायचे, कारण शौचालयाची किल्ली खालच्या दुकानदाराकडे असायची.

मग गावोगावी हॉलच का होतात? आमदार-खासदारांचा निधी मुळात टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून भिंत उभी राहते, कुणाचा पगार निघत नाही. शिवाय भिंतीवर नाव कोरता येतं.

तरी हॉलला नावं ठेवून मोकळं होता येत नाही. एक गोष्ट हॉलमुळेच कळते, ती म्हणजे गैरहजेरी. आमच्याकडे कॅरमचा एक भिडू दोन दिवस आला नाही, तेव्हा जोडीदार घरी बघायला गेला. अण्णा न्हाणीघरात पडलेले होते आणि मुलाचा फोन रात्री नऊला यायचा होता. तो जोडीदार नसता तर काय झालं असतं, ते सांगायला नको. शिवाय नेत्रतपासणी, सत्तरीपुढच्यांच्या मोफत उपचारांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाची नोंदणी, अशा शिबिरांना हक्काची जागा मिळते. बायको गेल्यावर घरात शब्दही न बोलणारा माणूस इथे येऊन राजकारणावर तावातावाने भांडतो, हेही औषधच.

आता दुसरी बाजू. आम्ही एक ताई नेमली. रुग्णसेवेचं थोडं शिक्षण झालेली, गावातलीच, स्कूटी चालवणारी. काम लिहून दिलं: बीपी-साखर तपासून वहीत मांडायची, गोळ्यांच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, गॅस नोंदवायचा, वीजबिल भरायचं, दवाखान्यात नेऊन केसपेपर काढायचा. पहिल्याच महिन्यात कळलं की अर्ध्या घरांत गोळ्यांचा घोळ आहे. एक आजी साखरेची गोळी सकाळी दोनदा घ्यायच्या, कारण पहिल्यांदा घेतल्याचं आठवायचं नाही. हे हॉलमध्ये बसून कुणाला कळणार होतं? आजी हॉलला येतच नव्हत्या.

सरकारी सवलती बऱ्याच आहेत आणि चांगल्या आहेत. २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे. पण घरापासून स्टँडपर्यंत नेऊन बसमध्ये हात धरून चढवणारं कुणीतरी लागतं. ७० च्या पुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण २०२४ मध्ये मिळालं. ते रुग्णालयात भरती झाल्यावरचं. बीपीची रोजची गोळी आणि ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यावर येतात, पण बँकेच्या रांगेत उभं राहवत नाही. ७० वर्षांवरच्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. आमच्या ताईने छापील परिपत्रक पुढे ठेवेपर्यंत एका शाखेत ते कुणाला ठाऊकच नव्हतं. योजना आणि माणूस यांच्यात जे शेवटचं अर्धा किलोमीटर राहतं, ते चालायला पायच लागतात.

नोव्हेंबर महिना तर ताईचाच. पेन्शन चालू राहायला दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन, चेहरा किंवा बोट टिपून ऑनलाइन करून देतो, त्याचं शुल्क किरकोळ असतं. ऐंशीच्या पुढच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. फक्त पोस्टात जाऊन दिवस ठरवायचा आणि पोस्टमन येईल तेव्हा आजोबांना अंथरुणातून उठवून बसवायचं, एवढंच काम. पण ते करायला घरात कुणी नसतं.

यातल्या अडचणीही सांगतो. पहिली, आवाक्याची. एका ताईकडून दिवसात सहा घरं नीट होतात. आठवड्याचे सहा दिवस, प्रत्येक घरी दोनदा, म्हणजे १८ घरं. हॉलच्या ४० खुर्च्यांच्या निम्मीसुद्धा नाहीत, आणि ३,००० पुढे तर खिजगणतीतही नाहीत. दुसरी, विश्वासाची. आजीच्या बांगड्या, कपाटाची किल्ली, एटीएमचा पिन. आम्ही नियम केला की ताई एटीएम कार्डाला हात लावणार नाही, पैसे काढताना संघाचा एक माणूस बरोबर असेल आणि प्रत्येक पावती वहीत चिकटेल. तिसरी अडचण मुलांची. पुण्याहून फोन येतो, "येताच आहात तर आईची भांडीही घासून घ्या." तिथे स्पष्ट नाही म्हणायला संघाचा अध्यक्ष खमका लागतो. आणि काही घरांत सून दारातूनच परत पाठवते, कारण बाहेरची बाई आली की गावात बोभाटा होतो. तिचंही बरोबर असतं, रोजचं तीच करत असते.

पैशाचं गणितही उलटं आहे. हॉलला एकदाच मोठा खर्च, मग विजेचं बिल आणि झाडू. ताईला पगार दर महिन्याला, आणि तो चुकला की काम त्याच दिवशी बंद. आम्ही बाहेरगावच्या मुलांकडून महिन्याची वर्गणी घेतली. ज्यांना झेपत नाही त्यांचा भार एका पतसंस्थेने उचलला. जवळपास मोठा कारखाना असेल तर विचारून बघा. कंपनी कायद्यात सामाजिक कामांची जी यादी दिलीय, तिच्यात ज्येष्ठांसाठीच्या सुविधा नावानिशी आहेत.

वृद्धाश्रमाचा पर्याय कुणीतरी बैठकीत काढेलच. जिल्ह्याला किमान एक असावा, असं २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा म्हणतो. पण ते गावच्या संघाचं काम नव्हे. ज्यांना घरातूनच काढलंय त्यांच्यासाठी त्याच कायद्याखाली प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, पोटगीचा अर्ज करता येतो आणि १४५६७ ही हेल्पलाइन आहे. दोन्हींची माहिती फलकावर लिहून ठेवा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

मग कधी काय? तीन वर्षं हिशोब ठेवील असा एक माणूस संघात नसेल तर ताई नेमू नका. हॉलकडे दुर्लक्ष झालं तर धूळ बसते. ताईच्या कामाकडे झालं तर कुणाच्या तरी गोळ्या चुकतात. तळमजल्यावरची, पालिकेची बंद पडलेली शाळाखोली फुकट मिळत असेल तर आधी ती घ्या, पण बांधकामात एक रुपयाही घालू नका. गाव वाड्या-वस्त्यांत पसरलेलं असेल तर केंद्राचा विचारच सोडा, पावसाळ्यात कुणी फिरकणार नाही. बाकी बहुतेक गावांत मी ताईपासून सुरुवात करीन आणि बसायला देवळाचा सभामंडप वापरीन. दुपारी तीन ते पाच ही वेळ मात्र बायकांच्या भजनासाठी सोडायची.

आणि जागा घ्यायचीच ठरली, तर मोजमापाला इंजिनिअरबरोबर संघातला सत्तरीचा एक गृहस्थ पाठवा. आधी शौचालयात जाऊन यायला सांगा. उठताना हाताला काय लागलं ते विचारा. आमच्याकडे नळाची तोटी होती, ती हातात आली.