ट्रान्सफरमार्क्ट: बचावपटूची कारकीर्द तपासायला कितपत कामाचं?

फुटबॉलमधला एखादा बचावपटू कुठून कुठे गेला, कधी गेला, किती पैशांत गेला आणि तिथे किती मिनिटं खेळला, एवढं जाणून घ्यायचं असेल तर ट्रान्सफरमार्क्टच्या तोडीची फुकट साइट दुसरी नाही. तो बचाव कसा करतो असं विचारलंत तर मात्र ती मुकी होते. आणि पैशांचं विचारलंत तर जरा जास्तच ठामपणे बोलते.

माथियास झायडल यांनी २००० साली जर्मनीत ही साइट सुरू केली. २००८ मध्ये आक्सेल श्प्रिंगर या प्रकाशन समूहाने तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला. कारभार हाम्बुर्गमधून चालतो, पण माहितीचा मोठा भाग जगभरचे हौशी लोक भरतात. ज्याला जी लीग ठाऊक, तो ती सांभाळतो. त्यामुळे जिथे लक्ष ठेवणारे डोळे जास्त, तिथल्या नोंदी चोख. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत उतरलात की मिनिटांचे रकाने विरळ होत जातात.

साइट पारखायला थियागो सिल्वाचं पान घ्यावं. ब्राझीलचा हा सेंटर बॅक (बचावफळीच्या मधोमध खेळणारा) सहा देशांतल्या क्लबांत राहिला, आणि ही साइट जिथे जिथे वाचकाला चकवू शकते ते जवळपास सगळे प्रकार त्याच्या एकट्याच्या पानावर सापडतात.

पान उघडलं की आधी 'ट्रान्सफर्स' बघायचं. प्रत्येक ओळीत हंगाम, तारीख, सोडलेला क्लब, नवा क्लब, त्या वेळची मार्केट व्हॅल्यू आणि फी. यादी उलटी असते, ताजी नोंद वर. कारकीर्द समजून घ्यायची असेल तर खालून वर वाचत जावं. सिल्वाच्या बाबतीत खालून ब्राझीलमधले क्लब येतात, मग पोर्तो, मग दिनामो मॉस्को, मग परत ब्राझीलमध्ये फ्लुमिनेन्स, त्यानंतर मिलान, २०१२ मध्ये पॅरिस सेंट जर्मेन, २०२० मध्ये चेल्सी आणि २०२४ मध्ये पुन्हा फ्लुमिनेन्स.

पहिला चकवा पोर्तोच्या ओळीत आहे. ट्रान्सफरमार्क्ट ब संघाला, म्हणजे क्लबाच्या राखीव संघाला, वेगळा क्लब धरतं. सिल्वा तेव्हा पोर्तोत होता हे खरं, पण खेळला तो ब संघाकडून. त्या वेळी मुख्य संघाकडून एकही सामना नाही. चिन्ह सारखंच दिसतं, नावापुढच्या त्या एका अक्षराकडे नजर जात नाही, आणि 'पोर्तोचा माजी बचावपटू' असं लिहून मोकळं होणारे बरेच भेटतात. उलट बाजूने, ज्याने दोन-तीन ठिकाणी राखीव संघातून सुरुवात केली त्याच्या क्लबांची संख्या इथे फुगलेली दिसते. 'एकूण किती क्लब' हा आकडा काढताना ब संघ आणि युवा संघाच्या ओळी हाताने वगळाव्या लागतात.

दुसरा चकवा तारखांचा. डच बचावपटू व्हर्जिल फान डाइक साउथॅम्प्टनहून लिव्हरपूलला जाणार हे २७ डिसेंबर २०१७ ला जाहीर झालं, पण नोंदणी ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या अदलाबदलीचा ठरलेला काळ) उघडल्यावरच होते, म्हणून ओळीत तारीख १ जानेवारी २०१८ ची. साइटचं बरोबरच आहे. बातमीची तारीख आणि नोंदणीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

लोनच्या ओळी नवख्याला सर्वाधिक गोंधळात टाकतात. लोन म्हणजे खेळाडू काही काळापुरता दुसऱ्या क्लबाला उसना देणं. लोनवर जाणं ही एक ओळ आणि लोन संपून परतणं ही दुसरी. बचावपटू कूर्त झूमाला चेल्सीने जानेवारी २०१४ मध्ये सेंट-एतिएन या फ्रेंच क्लबाकडून विकत घेतलं आणि त्याच हंगामापुरतं लगेच त्यांच्याकडेच लोनवर ठेवलं. म्हणजे माणूस जागचा हललाही नाही आणि कागदावर तीन नोंदी झाल्या: विक्री, लोन, लोनची समाप्ती. नोंद खरी की चुकीची अशी शंका आली तर फिफाचा नियम ताडून बघावा. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. त्याच हंगामात तिसऱ्या क्लबाकडून अधिकृत सामने दिसले तर एकतर हंगामाची व्याख्या वेगळी आहे (ब्राझीलची लीग कॅलेंडर वर्षात चालते, युरोपातल्या बहुतेक लीग ऑगस्ट ते मे), नाहीतर ओळ चुकलेली आहे.

आता पैशांचा रकाना. इथे जपून. फी युरोमध्ये दाखवतात, त्यामुळे पौंडांतल्या व्यवहाराचं रूपांतर होतं. फान डाइकचे गाजलेले ७५ दशलक्ष पौंड इथे सुमारे ८४ दशलक्ष युरो म्हणून दिसतात. आकडा वाढलेला नाही, चलन बदललंय. बरेच क्लब रक्कम जाहीरच करत नाहीत, मग बातम्यांतला आकडा लागतो. त्यात हप्ते, सामन्यांच्या संख्येवर मिळणारे बोनस, पुढच्या विक्रीतला वाटा हे कुठे मोजलं आणि कुठे नाही, ते एका आकड्यावरून कळणं अशक्य. फान डाइकला साउथॅम्प्टनला विकणाऱ्या सेल्टिकला त्याच्या पुढच्या लिव्हरपूल-विक्रीतूनही वाटा मिळाला. सेल्टिक-साउथॅम्प्टनच्या २०१५ च्या ओळीत त्याचा मागमूस नाही.

'फ्री ट्रान्सफर' हा शब्द तर सरळ फसवा म्हणावा असा. करार संपलेला खेळाडू युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालानंतर फीशिवाय दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून रकान्यात शून्य. २०२१ मध्ये डेव्हिड अलाबा आणि २०२२ मध्ये आंटोनियो रुडिगर असेच रेआल माद्रिदला गेले. शून्य म्हणजे क्लबाला क्लबाने दिलेले पैसे शून्य. सही करताना खेळाडूला मिळणारी रक्कम, एजंटचं कमिशन, वाढीव पगार यांतलं काहीच इथे नसतं. पानाच्या तळाशी सगळ्या फींची बेरीज येते. तिच्यावरून बचावपटूंची तुलना करणं म्हणजे मापात पाप. दोनदा करार संपवून गेलेला मोठा खेळाडू त्या बेरजेत फुकटा ठरतो.

मार्केट व्हॅल्यू हा आणखी वेगळा प्राणी. वय, लीग, कराराची उरलेली वर्षं, फॉर्म, मागणी यांवर सदस्य चर्चा करतात आणि त्यातून आकडा ठरतो. यंत्राने काढलेला तो नव्हे, आणि तो विक्रीची किंमत म्हणून मांडलेलाही नसतो, असं साइट स्वतःच सांगते. तरी लोक तो सोन्याचा भाव असल्यासारखा वापरतात. तिशी ओलांडली की आलेख उतरतोच, कारण पुढे विकून काय मिळणार हा विचार त्यात मुरलेला आहे. छत्तिशीतला सिल्वा चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळत होता तेव्हा त्याची इथली किंमत एखाद्या होतकरू विशीतल्या फुलबॅकपेक्षा (कडेच्या बचावपटूपेक्षा) कमी होती. आलेखाची दिशा बघावी, उंची फार मनावर घेऊ नये.

साइटचा खरा कस 'स्टॅट्स'मध्ये लागतो. बहुतेक जण आखूड तक्ता बघून निघून जातात. तो बदलून सविस्तर तक्ता उघडा: सामने, प्रति सामना गुण (तो खेळला त्या सामन्यांत संघाने मिळवलेले), गोल, असिस्ट (गोल करून देणारा पास), स्वयंगोल, बदली म्हणून आत किंवा बाहेर, पिवळी कार्डं, दुसऱ्या पिवळ्यावरून लाल, थेट लाल आणि मिनिटं. बचावपटूसाठी यांतले तीनच रकाने कामाचे: मिनिटं, कार्डं आणि बदली. सामन्यांच्या संख्येवर जाऊ नका. शेवटच्या पाच मिनिटांत आघाडी राखायला उतरवलेला सेंटर बॅकही तिथे एक पूर्ण सामना म्हणून मोजला जातो. मिनिटांना ९० ने भागा, मग चित्र सरळ होतं.

प्रति सामना गुण हा रकाना बचावपटूविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. पॅरिसकडून सात लीग विजेतेपदं मिळवणाऱ्या सिल्वाचा आकडा उंच असणारच, तसाच तो त्या संघाच्या तिसऱ्या पसंतीच्या बचावपटूचाही असतो. फुलबॅकचे असिस्ट मोजताना आणखी एक खबरदारी: इथली असिस्टची व्याख्या सैल आहे, त्यामुळे लीगच्या अधिकृत संख्येपेक्षा आकडा जास्त दिसू शकतो.

टॅकल, अडवलेले पास, हवेतल्या चेंडूंवरची झुंज, दबावाखाली दिलेले पास यांतलं काही इथे नाही. गोल न खाल्लेले सामने गोलकीपरच्या पानावर मिळतात, बचावपटूच्या नाही. म्हणून ट्रान्सफरच्या नोंदींना दहापैकी नऊ दिले तर बचावाच्या मोजमापाला दोन द्यावेत, आणि तेही कार्डांमुळे.

पण एक गोष्ट ही साइट इतर कुणाहीपेक्षा चांगली करते: शून्याचा अर्थ लावायला मदत. बचावपटूच्या कारकिर्दीत न खेळलेले सामने फार बोलके असतात. सिल्वाच्या पानावर निरनिराळी शून्यं आहेत. दिनामो मॉस्कोचं शून्य आजाराचं: २००५ मध्ये त्याला क्षयरोगाचं निदान झालं आणि महिनोन्महिने रुग्णालयात काढावे लागले. मिलानमधल्या पहिल्या अर्ध्या हंगामाचं शून्य कागदपत्रांचं: २००९ च्या सुरुवातीला तो संघात आला, पण युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंचा कोटा भरलेला असल्याने अधिकृत सामन्यांसाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. बेरजेच्या तक्त्यात ही दोन्ही शून्यं सारखीच दिसतात.

फरक शोधायचा तर हंगाम निवडून त्या स्पर्धेची सामनानिहाय यादी उघडायची. जिथे खेळाडू उतरला नाही तिथे ओळीत कारण असतं: बाकावर होता, संघात नव्हता, दुखापत, किंवा कार्डांमुळे बंदी. २०१४ च्या विश्वचषकाची यादी बघा. ४ जुलैच्या कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात सिल्वाच्या नावावर सातव्या मिनिटाचा गोल आहे आणि उत्तरार्धातलं पिवळं कार्डही, कारण कोलंबियाच्या गोलकीपरला चेंडू मारताना तो आडवा गेला. स्पर्धेतलं ते दुसरं पिवळं. पुढची ओळ जर्मनीविरुद्धच्या ८ जुलैच्या उपांत्य सामन्याची, आणि तिथे मिनिटांऐवजी बंदीची नोंद. ब्राझीलने तो सामना १-७ असा गमावला. एवढ्या दोन ओळींत जे दिसतं ते लांबलचक लेखातही दिसत नाही.

जुन्या काळातले किंवा लहान लीगमधले सामने असतील तर ही कारणं भरलेली नसतात. मग 'इंज्युरी हिस्ट्री' उघडायची: हंगाम, दुखापत, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, किती सामने हुकले. फान डाइकची १७ ऑक्टोबर २०२० च्या एव्हर्टन सामन्यातली लिगामेंटची दुखापत इथे नीट दिसते; त्यात उरलेला हंगाम आणि युरोपीय राष्ट्रीय संघांची युरो स्पर्धा दोन्ही गेली. किरकोळ स्नायूंच्या तक्रारी मात्र क्लबाने जाहीर केल्या तरच येतात. म्हणून नोंदी कमी म्हणजे खेळाडू दणकट, असा निष्कर्ष काढू नका; कदाचित त्याचा क्लब तोंड मिटून बसणारा असेल.

राष्ट्रीय संघाचं पान सुटसुटीत आहे. पेपेसारखा खेळाडू, जन्म ब्राझीलचा आणि खेळला पोर्तुगालकडून, दोन झेंड्यांसह दिसतो. त्यात घोळ नाही.

जोडीला काय वापरावं? विकिपीडियावरच्या खेळाडूच्या लेखातली माहितीची चौकट वापरत असाल तर तिथले सामने फक्त देशांतर्गत लीगचे असतात, चषक आणि युरोपातले नाहीत. ट्रान्सफरमार्क्टची बेरीज सगळ्या स्पर्धांची. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून वाद घालणारे बहुधा इथेच अडखळलेले असतात. जुन्या निकालांसाठी आरएसएसएसएफ हा फुटबॉलच्या आकडेवारीचा संग्रह अजूनही उपयोगी. टॅकल-पासच्या तपशिलासाठी सोफास्कोर किंवा हूस्कोर या साइट बघता येतील, पण त्यांचं दहापैकी रेटिंग बचावपटूला कसं मोजतं हे आधी वाचून घ्या. चेंडूजवळ फार न जाता जागा बंद करणारा सेंटर बॅक तिथे कायम मार खातो.

ज्यांना ही माहिती कामासाठी हवी त्यांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमधली ५ टक्के रक्कम खेळाडूला १२ ते २३ वर्षं या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते: १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. प्रोफाइलमधली युवा क्लबांची यादी अंदाजाला ठीक आहे, पण तिच्यात महिने आणि नोंदणीच्या तारखा नसतात. हक्काच्या पैशांसाठी खेळाडूचा पासपोर्टच, म्हणजे त्याच्या नोंदणीचा अधिकृत इतिहासच लागतो, ट्रान्सफरमार्क्टचा स्क्रीनशॉट तिथे चालत नाही.

वापरायला साइट जराशी जडच. जाहिराती भरपूर, आणि मोबाइलवर सविस्तर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं. शेवटचा मिनिटांचा रकाना दिसला नाही तर फोन आडवा धरा. वाचायला खातं लागत नाही, चर्चेत भाग घ्यायला लागतं. चूक सापडली तर कळवायची सोय आहे, आणि सोबत क्लबाच्या घोषणेचा दुवा दिलेला बरा, कारण नुसतं 'हे चुकलंय' एवढ्यावर कुणी नोंद बदलत नाही.