घरी लाकूड चिरायचं: चेनसॉ मिल, बँडसॉ मिल की आरा मशीन?

पावसाळ्यात आंबा उन्मळून पडला की इंदूरजवळच्या राऊ-महूकडच्या घरांत वाद सुरू होतो: सरपण की फळ्या? माझं मत फळ्यांच्या बाजूचं. कशाने चिरायचं, हे मात्र पुढे किती ओंडके हाती येणार यावर ठरवा.

चेनसॉ मिल म्हणजे चेनसॉला, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीला, जोडायची लोखंडी चौकट. ती ओंडक्यापाशी नेता येते, आणि हा फायदा मोठा आहे. दोन मीटर लांब, अर्धा मीटर जाड ओला आंबा साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. चौघांनाही तो हलत नाही. पहिल्या कापासाठी वर सरळ शिडी स्क्रूने बसवायची, चौकट तिच्यावरून सरकते. मग प्रत्येक काप आधीच्या सपाट बाजूवरून. साखळी लांबीत चिरण्याचीच घ्या: नेहमीच्या साखळीचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, हिचे १० अंशांत. इंजिन ६० सीसीच्या वरचं हवं. काम संथ, आवाज भयंकर, भुसा ढीगभर.

बँडसॉ मिलमध्ये पट्टीसारखं पातं चाकांवरून फिरतं. ती वेगवान. तिचा काप २-३ मिलिमीटर रुंद, चेनसॉचा ८-१०; तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. त्याच ओंडक्यातून इंची फळ्या काढल्या तर चेनसॉने चौदा, बँडसॉने सतरा-अठरा. पण किंमत बरीच जास्त, ओंडका उचलून बैठकीवर चढवावा लागतो, आणि अंगणातल्या झाडात खिळे असतात. कपड्यांच्या दोरीचा खिळा खोड हळूहळू गिळून टाकतं, बाहेरून पत्ता लागत नाही. कापताना लाकडात निळा-काळा डाग दिसला की थांबा, आत लोखंड आहे. साखळीचे दात कानशीने पुन्हा घासता येतात. बँडसॉचं पातं बहुधा वाया जातं.

फक्त लाकूडच हवं असेल तर आरा मशीन, म्हणजे पैसे घेऊन लाकूड चिरून देणारी सॉ मिल, उत्तम. वाहतुकीचा खर्च धरा, आणि खिळ्यांमुळे मालक घरच्या झाडाला कचरतात, तेव्हा आधी बोलून घ्या.

शिकायचं असेल तर मी चेनसॉ मिलच सांगेन. गाभा कुठे, ताण कुठे, फळी कुठून वाकणार, हे तिच्या संथपणामुळेच डोळ्यांना कळतं. दर महिन्याला ओंडके येणार असतील तरच बँडसॉचा विचार करा.

वाळवणं सगळ्यांना सारखंच. टोकांना त्याच दिवशी रंग किंवा मेण लावा, नाहीतर इंदूरच्या मे महिन्यात तडे जातील. फळ्यांमध्ये हातभर अंतरावर सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, वर वजन, थप्पी सावलीत. वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष. आंब्याला भुंगा लवकर लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ओल्या फळीवरच मारा.

यंत्राचे पैसे देण्याआधी वनखात्याच्या वनमंडल कार्यालयात जाऊन या. मध्य प्रदेशात १९८४ च्या काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियमाखाली सॉ मिलला परवाना लागतो. घरगुती वापराचं यंत्र त्यात येतं का, हे तिथूनच लेखी घ्या. शहरात उभं झाड तोडायचं असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी.