अचानक बंद पडलेल्या लॅपटॉपचा पंचनामा : विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’

चालता लॅपटॉप अचानक बंद पडला की पुष्कळ जण दुरुस्तीचा दावा करणारे एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेतात, नाहीतर थेट विंडोज नव्याने बसवायला निघतात. दोन्ही गोष्टींआधी जे साधन उघडून पाहावे, ते विंडोजमध्येच आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून ते तिथे आहे. तरीही ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हे नाव अनेक जुन्या वापरकर्त्यांच्याही कानावरून गेलेले नसते, याचे एक कारण असे की ते कंट्रोल पॅनेलच्या ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’ विभागात आत कुठेतरी दडवून ठेवले आहे. स्टार्ट मेनूतील शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप केले की मात्र ते लगेच समोर येते.

उघडल्यावर एक आलेख दिसतो. त्यात यंत्राच्या स्थैर्याला एक ते दहा या मापात गुण दिलेले असतात, आणि खाली दिवसवार रकान्यांत बिघाडासाठी लाल फुली, इशाऱ्यासाठी पिवळा त्रिकोण आणि साध्या माहितीसाठी निळे चिन्ह असते. गुणांच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. एखाद्या किरकोळ प्रोग्रॅमने वारंवार मान टाकली तरी तो आकडा घसरतो आणि वर यायला बराच वेळ घेतो. त्यामुळे कमी गुण म्हणजे यंत्र खराब असे समीकरण मांडता येत नाही. या साधनाचे खरे मोल खालच्या रकान्यांत आहे. कोणता प्रोग्रॅम कधी कोसळला, विंडोज नीट बंद न होता कधी बंद पडली, कोणते अपडेट किंवा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) कधी बसले, हे सारे एकाच कालपट्टीवर शेजारीशेजारी दिसते, आणि बिघाडाच्या आदल्या दिवशी यंत्रात काय बदलले होते, हा तपासातला पहिला प्रश्न तिथल्या तिथे सुटू शकतो.

याउलट ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजने टिपलेल्या सगळ्या घडामोडी दाखवणारे तिचेच दुसरे साधन, हे नोंदींचे जंगल आहे. ठणठणीत लॅपटॉपवरही तिथे लाल खुणांच्या रांगा दिसतात आणि नवखा माणूस घाबरून जातो. तरीही मॉनिटरवरून वेळ कळल्यानंतर नेमक्या त्या मिनिटाच्या नोंदी पाहण्यासाठी तिथे जावेच लागते. ‘सिस्टीम’ विभागात ‘कर्नल-पॉवर’ नावाची ४१ क्रमांकाची नोंद हमखास सापडते, आणि नावात ‘पॉवर’ असल्यामुळे चार्जर किंवा बॅटरीच बिघडली, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. ही नोंद यंत्र पुन्हा सुरू होताना लिहिली जाते आणि मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. म्हणजे ती बिघाडाचे कारण नव्हे, परिणाम आहे.

मात्र त्याच नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ नावाचा एक आकडा असतो, आणि पुढच्या तपासाची दिशा बहुधा त्यावरून ठरते. तो शून्य असेल तर विंडोजला काही टिपून ठेवायला सवडच मिळालेली नसते : वीज गेली, अतिउष्णतेने यंत्राने स्वतःला बंद केले, किंवा ते इतके गोठले की बटण दाबून धरावे लागले. शून्य नसेल तर निळा पडदा दाखवून विंडोज कोसळते तशी चूक घडलेली असते आणि हा आकडा म्हणजे तिचा संकेतांक, फक्त तो इथे दशमान पद्धतीत लिहिलेला असतो आणि इतरत्र तोच हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत, दिला जातो. माझ्या लॅपटॉपवर झाकण मिटून ठेवल्यावर यंत्र आपोआप नव्याने सुरू होत असे, तेव्हा या जागी १५९ हा आकडा होता. हेक्साडेसिमलमध्ये तो ९एफ होतो, आणि झोपेत जाताना किंवा जागे होताना एखादा ड्रायव्हर अडून बसला, असा त्याचा अर्थ आहे. मॉनिटरच्या कालपट्टीवर त्याच आठवड्यात वायफायचा नवा ड्रायव्हर बसल्याची निळी खूण होती. डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या साधनातून जुना ड्रायव्हर परत आणला आणि तक्रार थांबली. दोन्ही साधने एकत्र वापरल्याशिवाय ही सांगड जुळली नसती.

हार्डवेअरच्या बाबतीत मात्र मॉनिटर फारसा उपयोगी पडत नाही. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल तर त्याला ‘नीट बंद झाले नाही’ याहून जास्त काही सांगता येत नाही. रॅमची शंका असल्यास विंडोजचे ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावे, पण त्यात काही सापडले नाही म्हणून रॅमला निर्दोष ठरवू नये. ‘मेमटेस्ट८६+’ हा रॅम तपासणारा वेगळा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवणे अधिक खात्रीचे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger) नोंदी पुन्हा पुन्हा दिसत असतील तर हार्डवेअरकडेच वळावे. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगल्याची शक्यता असते. अशा वेळी नोंदी वाचत न बसता यंत्र बंद करून चार्जर काढावा आणि जाणकाराकडे द्यावे.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे मॉनिटर पाहण्यासाठी विंडोज सुरू व्हावी लागते. ती सुरूच होत नसेल तर दुरुस्तीच्या पडद्यावरून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, शिरावे लागते, आणि डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सांकेतिकीकरणाने कुलूपबंद असल्यास तिथे ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती तिथे आहे का, हे पाहून कागदावर उतरवून ठेवावी.