दूध संकलनाची वेब सेवा: दोन वर्षांच्या वापरानंतर

करवीर तालुक्यातील काही दूध संस्थांच्या संगणकांची देखभाल आम्ही राजारामपुरीतील कार्यालयातून करतो. या संस्था गेली दोन वर्षे ज्या वेब सेवेवर संकलनाच्या नोंदी पाठवतात, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या चुका या क्षेत्रात सर्रास होतात.

संस्थेतील संगणक लिटर, फॅट (स्निग्धांश) आणि डिग्री (लॅक्टोमीटरवर दिसणारा दुधाच्या घनतेचा आकडा) कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हर दरपत्रकाप्रमाणे हिशेब करून पूर्ण नोंद परत देतो, हे काम सेवा चोख आणि वेगाने करते. अडचण होती ती नोंदीच्या मांडणीत. कंपनीने स्वतःची एक मांडणी तयार केली होती, ज्यात कोणत्या बाइटपासून (बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे लहान एकक) कोणती माहिती सुरू होते हे ठरलेले असे आणि कोणत्याही आकड्याला स्वतःची ओळख नसे. नावासाठी 20 बाइट राखलेले होते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेते; त्यामुळे 24 बाइटचे ‘पांडुरंग’ पावतीवर ‘पांडुर’ होऊन पुढे एक चौकोन उमटत असे.

खरा फटका बसला तो एका सकाळी. कंपनीने रात्रीतून सुधारणा करताना फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश वगळता उरणारे घन पदार्थ) यांच्या मध्ये डिग्रीचा रकाना घातला. गावातील जुन्या प्रोग्रॅमला हा बदल ठाऊक नव्हता, म्हणून त्याने डिग्री एसएनएफच्या जागी आणि एसएनएफ दराच्या जागी वाचला. म्हशीच्या दुधाच्या पावतीवर एसएनएफ 30.0 आणि दर 9.20 छापून आला. ‘‘दुधाचा दर नऊ रुपयं कवा झाला?’’ असे एका आजींनी पावती सचिवांपुढे धरून विचारले, तेव्हा रांगेत निम्मे गाव उभे होते. सर्व्हर एका रात्रीत बदलता येतो, पण तालुक्याच्या टोकाच्या गावातला संगणक बदलायला माणूस पाठवावा लागतो आणि तोवर दोन्ही वेळचे संकलन थांबत नाही, एवढी साधी गोष्ट सुधारणा करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी होती.

आमच्या तक्रारीनंतर कंपनीने ही मांडणी सोडून प्रोटोकॉल बफर्स ही नोंदी बांधून पाठवण्याची तयार पद्धत स्वीकारली. गूगलने 2008 साली सर्वांसाठी खुल्या केलेल्या या पद्धतीत प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो, आणि अनोळखी क्रमांक आला तर जुना प्रोग्रॅम तो ओलांडून पुढचे वाचतो. एकदा वापरलेला क्रमांक दुसऱ्या माहितीसाठी पुन्हा द्यायचा नाही, एवढे पथ्य मात्र पाळावेच लागते. गेल्या महिन्यात दुधाच्या तापमानाचा नवा रकाना आला, तेव्हा मी मुद्दाम सर्वांत जुना प्रोग्रॅम असलेल्या संस्थेत सकाळी सहाला जाऊन बसलो. तापमान छापले गेले नाही, पण बाकीचा एकही आकडा हलला नाही. शिवाय ब्राउझरमधून पाहणाऱ्यांना तीच नोंद जेसनमध्ये, म्हणजे माणसालाही वाचता येईल अशा मजकूर-मांडणीत, मागता येते, ही सोय मला विशेष आवडली.

तरीही दोन उणिवा राहिल्या आहेत. या पद्धतीत साध्या आकड्याच्या रकान्यातील शून्य किंमत सहसा पाठवलीच जात नाही, त्यामुळे तपासणी यंत्र बंद असल्याने फॅट मोजलेच नाही की ते खरोखर शून्य आले, हे पलीकडच्या प्रोग्रॅमला कळत नाही; तो रकाना ‘ऑप्शनल’ (ऐच्छिक) घोषित केला की हा प्रश्न सुटतो, पण कंपनीने ते अजून केलेले नाही. दुसरी उणीव जेसनची आहे. नोंदीचा क्रमांक अठरा अंकी असून तो संख्या म्हणून पाठवला जातो, आणि ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमची भाषा 9007199254740991 च्या पुढच्या सगळ्या पूर्णसंख्या अचूक धरू शकत नाही. परिणामी शेवटचे अंक बदलतात आणि सचिवांनी शोधलेली पावती सापडत नाही. हा क्रमांक अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून पाठवावा, असे मी दोनदा लेखी कळवले आहे.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. संस्थांना नूतनीकरण करण्याचा सल्ला मी दिला आहे, मात्र कोणताही बदल किमान तीन दहा-दिवसी बिले होईपर्यंत जुन्या प्रोग्रॅमसह चालेल, ही अट करारात लिहून घेऊनच.