रंगीत ऑब्सिडियन: काही महिने ठोकून पाहिल्यावर

ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच; ती ठोकून, छिलके म्हणजे पातळ कपच्या काढत मी दगडी पाती घडवते. आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. काळ्या ऑब्सिडियनवर हात बसला असेल, दोन्ही बाजूंनी छिलके काढत पातं न मोडता पातळ करता येत असेल, तरच रंगीत माल घ्या. रेनबो (इंद्रधनुषी) किंवा गोल्ड शीन (सोनेरी झळाळीचा) हे रंगीत प्रकार फुटायला काळ्याइतकेच सोपे आहेत, अडचण ती नाही. काळा दगड कुठूनही ठोकायला घेतला तरी चालतो. रंगीत दगडात मात्र पहिल्या ठोक्याआधी कोन ठरवावा लागतो. तो हुकला तर पातं उत्तम होतं, पण काळंच.

याचं कारण दगडाच्या आत आहे. रेनबोत रंगद्रव्य असं काही नसतंच. लाव्हा वाहताना पायरॉक्सिन या खनिजाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचे पातळ थर तयार झालेले असतात आणि त्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून हिरवा, जांभळा, सोनेरी दाखवतात. गोल्ड आणि सिल्व्हर शीनमधली झळाळी प्रवाहाच्या दिशेने ताणल्या गेलेल्या बारीक बुडबुड्यांची. दोन्हीकडे नियम एकच: प्रकाश, थर आणि डोळा यांचा कोन जुळला तर रंग, नाहीतर काळी काच.

म्हणून कच्चा गोटा हातात आला की मी आधी त्याचा एक कोपरा उडवते. बाहेरच्या खरबरीत सालीवरून आतलं काहीच कळत नाही. उडवलेल्या जागी पाणी लावायचं, खोलीत अंधार करून एकच टॉर्च धरायचा आणि दगड हळूहळू फिरवायचा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात चांगला रेनबोसुद्धा मेलेला दिसतो. मी नाकारून बाजूला ठेवलेले तुकडे टॉर्चखाली परत उचलले आहेत. झळाळी सर्वांत जोरात दिसते तेव्हा आपण साधारण थरांच्या समोरून बघत असतो. लगेच खडूने दगडावर खूण करायची. पात्याचं रुंद अंग त्या दिशेला आलं पाहिजे. ते थरांना काटकोनात आलं, तर कडेला दोन-चार बारीक रेघा दिसतात, बाकी काही नाही.

अंग थरांना समांतर ठेवलं की खरी गंमत सुरू होते. पातं मधे फुगीर असतं, त्यामुळे उतारावर एकेक थर उघडा पडत जातो आणि नकाशातल्या समोच्च रेषांसारखी रंगांची वलयं उमटतात. त्यात प्रत्येक छिलक्याचा ठसा खोलगट. माझ्या आवडत्या पात्यावर दोन ठशांमधल्या कण्यावर जांभळा आहे आणि ठशाच्या तळाशी हिरवा, कारण तिथे खालचा थर उघडा झाला आहे. पॉलिश केलेल्या दगडावर हे कधीच दिसणार नाही. म्हणूनच रेनबोवर मी शेवटचे दाबाचे (ठोकून नव्हे, टोकाने दाबून काढलेले) छिलके मुद्दाम रुंद ठेवते. फार बारीक केले की रंगाचा नुसता चुरा दिसतो.

मेक्सिकोतल्या हालिस्कोच्या रेनबोला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस क्रीक भागातले सुईसारखे लांबट तुकडेही सुंदर असतात, पण त्यांत रुंदी नसते; अरुंद भाल्याचं टोक किंवा लांब सुरी, एवढंच सुचतं.

महोगनी या प्रकाराचं कौतुक कमी होतं, ते मला पटत नाही. त्यातला तपकिरी-लाल रंग लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा, त्यामुळे तो कुठल्याही कोनातून दिसतो आणि कोनाची सगळी कटकट मिटते. काळ्यापेक्षा किंचित चिवट वाटतो. ठोका थोडा जोरात द्यावा लागतो आणि कड जास्त घासून घ्यावी लागते. रंगीत दगडाची सुरुवात करायची असेल तर यानेच करा.

मेक्सिकोच्याच पाचुकाजवळचा सोनेरी छटेचा हिरवा दगड हा वेगळाच प्रकार. त्याचा हिरवेपणा अंगभर असतो आणि पातळ कड उजेडासमोर धरली की बाटलीसारखी दिसते. तेओतिवाकान या मेक्सिकोतल्या प्राचीन शहराच्या कारागिरांनी याच्या लांब पात्या काढल्या होत्या. हा हातात घेतला की त्यांनी हा दगड का निवडला असेल, हे विचारावं लागत नाही.

पांढरी फुलं असलेला स्नोफ्लेक मात्र पाती घडवण्यासाठी घेऊ नका. ती पांढरी फुलं म्हणजे क्रिस्टोबलाइटचे गोळे. काचेतून सरळ धावणारी चीर त्यांच्यापाशी अडखळते आणि छिलका मधेच पायरी होऊन तुटतो. शिवाय क्रिस्टोबलाइट ही स्फटिकरूप सिलिका आहे, तिची धूळ फुप्फुसांना घातक. मणी करणाऱ्यांसाठी तो ठेवावा, आणि त्यांनीही पाणी सोडूनच घासावा.

फायर ऑब्सिडियनबद्दल सगळे विचारतात. ऑरेगनमधल्या ग्लास ब्यूट्सचा हा दगड. त्यातले रंग देणारे मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात. पॉलिश करणारी मंडळी घासत घासत थराच्या अगदी जवळ जाऊन थांबतात. छिलका तसा थांबत नाही, तो थर घेऊनच जातो. रंग दिसतो तो बहुधा खाली पडलेल्या छिलक्यावर. माझ्याकडचा तुकडा मी ठोकायचा बंद करून तसाच ठेवला आहे.

एका विक्रेत्याकडून मागवलेल्या मिश्र पेटीत ‘निळा ऑब्सिडियन’ म्हणून एक आरपार निळा तुकडा आला होता. भडक निळा आणि पाण्यासारखा स्वच्छ दगड दिसला की तो भट्टीतली काच किंवा धातूची मळी समजावा. भिंगातून गोल, टपोरे बुडबुडे दिसले की शंका उरत नाही. फुटते तीही अशीच शंखाभ, म्हणजे शिंपल्यासारख्या वळणदार खोलगट पृष्ठभागांत, त्यामुळे फुटण्यावरून ओळख पटत नाही. सरावाला मात्र छान; विक्रेत्याला तसं कळवलंही, उत्तर आलं नाही.

हत्यारांत फारसं नवीन काही लागलं नाही. तांब्याचा बॉपर (ठोकायचा दंडा) मी रंगीत दगडावर जवळपास सोडून दिला. शिंगाचा दंडा हलका लागतो, छिलका पातळ आणि लांब निघतो आणि वरचा रंगाचा थर कमी वाया जातो. बाकी तांब्याच्या टोकाचा प्रेशर फ्लेकर (दाबून छिलके काढायचं हत्यार), जाड चामडं आणि कड घासायला खरबरीत दगड. कड घासण्यात कंजुषी करू नका. ऑब्सिडियनची न घासलेली कड दाबाखाली चुरडते आणि छिलका निघतच नाही.

चष्मा आणि मास्क नसेल तर बसूच नका, आणि बसायचं तेही उघड्यावर, वारा पाठीशी ठेवून. छिलके चामड्यावरून जाड डब्यात, झाडूने. हाताने कधीच नाही. ही धार गंमत नाही. डॉन क्रॅबट्री या अमेरिकन नॅपरने (दगड ठोकून हत्यारं घडवणाऱ्याने) स्वतःवरची शस्त्रक्रिया डॉक्टरांकडून ऑब्सिडियनच्या पात्यांनी करवून घेतली होती.

कचऱ्याचं काय करायचं, हे विक्रेते सांगत नाहीत. माळावर किंवा नदीकाठी ओतू नका. पायात घुसेल हे झालंच, पण नंतर तिथे येणाऱ्या पुरातत्त्व अभ्यासकाला ते प्राचीन कार्यशाळेचे अवशेष वाटू शकतात. मी डब्यात सोडावॉटरच्या बाटलीची फुटकी काच आणि एक चालू नाणं टाकते आणि मगच टाकाऊ काचेत देते. तयार पात्यावर हिऱ्याच्या टोकाने बुंध्याजवळ आद्याक्षरं आणि वर्ष कोरते. रेनबोवर ती अक्षरं फक्त तिरप्या उजेडात दिसतात, त्यामुळे पात्याची शोभाही जात नाही.