त्रिनिदादमध्ये चित्रपट पाहायचा असेल तर: पोर्ट ऑफ स्पेनपासून शगुआनासपर्यंत

नोकरीनिमित्त कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर नव्याने येणारी मराठी कुटुंबे घर, शाळा आणि किराणा यांची चौकशी आटोपली की चित्रपटगृहांविषयी विचारतात. माझे उत्तर ठरलेले असते. इंग्रजी चित्रपट सोयीच्या कोणत्याही मल्टिप्लेक्समध्ये पाहा, भव्य दृश्यांचा असेल तर आयमॅक्समध्ये पाहा. मात्र हिंदी चित्रपट पाहायचा असेल तर मध्य त्रिनिदाद गाठा आणि तोही शनिवार-रविवारच्या संध्याकाळी, भरलेल्या प्रेक्षागृहात पाहा. साधारण 14 लाख लोकसंख्येच्या त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशात चित्रपटगृहांची एवढी चांगली सोय असेल, अशी कल्पना इथे येण्यापूर्वी फार थोड्यांना असते.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या ऑड्री जेफर्स महामार्गालगत 2002 मध्ये सुरू झालेले मूव्हीटाउन हे इथल्या मल्टिप्लेक्सचे पहिले ठळक नाव. दहा पडदे, चढत्या पायऱ्यांची आसनव्यवस्था, पुढच्या माणसाचे डोके मध्ये न येता मागच्या रांगेतूनही अखंड दिसणारा पडदा आणि संवाद न गिळणारी ध्वनिव्यवस्था या चारही बाबतींत ते मुंबई-पुण्याच्या चांगल्या मल्टिप्लेक्सच्या तोडीचे आहे, असे मी जबाबदारीने म्हणेन. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याला लागून असलेला उपाहारगृहांचा मोकळा चौक. चित्रपट पाहायचा नसला तरी कुटुंबेच्या कुटुंबे संध्याकाळी तिथे येऊन बसतात, गप्पा मारतात, जेवतात. त्यामुळे रात्रीचा खेळ सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या एकट्यादुकट्या माणसालाही वर्दळीचा आधार मिळतो. याच कंपनीची चित्रपटगृहे मध्य त्रिनिदादमधल्या शगुआनासच्या प्राइस प्लाझामध्ये आणि दक्षिणेकडे सॅन फर्नांडोमध्येही आहेत. पूर्वेकडे राहणाऱ्यांसाठी ट्रिनसिटी मॉलमध्ये पोर्तो रिकोच्या कॅरिबियन सिनेमाज या कंपनीचे मल्टिप्लेक्स आहे.

आयमॅक्सचा पडदा पोर्ट ऑफ स्पेनमधल्या वन वुडब्रुक प्लेस या संकुलात आहे. सिनेमावन या कंपनीने तो 2011 मध्ये सुरू केला. अवकाश, समुद्र, युद्ध अशा विषयांवरचा चित्रपट असेल तर जास्तीचे पैसे मोजून तिथेच जावे. पडदा संपूर्ण दृष्टिक्षेप व्यापतो आणि खालच्या पट्टीतला आवाज खुर्चीच्या पाठीतून जाणवतो. पुढच्या तीन-चार रांगा मात्र टाळाव्यात, कारण तिथे बसल्यावर मान सतत उचलून धरावी लागते आणि पडद्याच्या दोन्ही कडा एकाच वेळी नजरेत येत नाहीत. मधल्या उंचीवरच्या रांगेतल्या मधल्या खुर्च्या मिळत नसतील, तर दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढावे, इतका हा फरक मोठा आहे.

इमारती नव्या असल्या तरी प्रेक्षक जुना आहे. त्रिनिदादमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून चित्रपट दाखवले जात आले आहेत, आणि मल्टिप्लेक्स येण्यापूर्वी इथल्या गावोगावच्या चित्रपटगृहांत पिट, हाउस आणि बाल्कनी अशी उतरंड असे. पिट म्हणजे पडद्याच्या पुढ्यातली बाकड्यांची सर्वांत स्वस्त जागा. तिथला प्रेक्षक पडद्यावरच्या नायकाला सल्ले देई आणि खलनायकाला बोल लावी. चित्रपटांचे वेड इतके होते, की पोर्ट ऑफ स्पेनमधल्या स्टीलपॅन (पोलादी पिंपापासून बनवलेले इथले वाद्य) वादकांच्या पथकांनी कॅसाब्लांका, डेस्टिनेशन टोकियो, बार ट्वेंटी अशी नावे थेट हॉलिवूडच्या चित्रपटांवरून घेतली. त्या काळातली बहुतेक चित्रपटगृहे आता बंद आहेत. वुडब्रुकमधल्या रॉक्सीच्या डौलदार इमारतीत पिझ्झाचे दुकान आले. पण पिटमधला तो बोलका प्रेक्षक मल्टिप्लेक्सच्या मऊ खुर्चीतही गप्प झालेला नाही. नायक मूर्खपणा करू लागला की दातांमधून हवा ओढल्याचा लांब ‘स्टूप्स’ असा आवाज दहा ठिकाणांहून एकदम येतो, आणि भयपटात दार उघडायला निघालेल्या पात्राला मोठ्याने बजावणारा कोणी ना कोणी असतोच. चित्रपट निःशब्द शांततेत पाहायची सवय असलेल्यांनी दुपारचे खेळ निवडावेत. मला स्वतःला ही बडबड प्रिय आहे, कारण ती चित्रपटाबद्दलच असते.

हा बोलकेपणा सर्वांत खुलतो तो हिंदी चित्रपटाच्या खेळाला. 1845 ते 1917 या काळात ब्रिटिशांनी 1 लाख 40 हजारांहून अधिक भारतीय गिरमिटिया मजूर म्हणून या बेटावर आणले. त्यांतले बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या गावांतले होते आणि कलकत्त्याहून जहाजाने आले होते. त्यांच्या वंशजांची आज मोठी वस्ती आहे ती शगुआनास, कुवा, डेबे, पेनाल या मध्य आणि दक्षिण त्रिनिदादच्या पट्ट्यात, जिथे पूर्वी मैलोन्‌मैल उसाचे मळे होते. त्यांच्या रोजच्या व्यवहारातून भोजपुरी आणि हिंदी जवळजवळ नाहीशी झाली आहे, परंतु चित्रपटगीते नाहीशी झालेली नाहीत. ती गाणी वाजवणारी नभोवाणी केंद्रे दिवसभर चालू असतात, आणि ‘मस्ताना बहार’ या 1970 मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेने हिंदी गाणी गाणाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. परिणामी इथला प्रेक्षक कथा इंग्रजी सबटायटल्स वाचून समजून घेतो आणि गाणे मात्र हिंदीत म्हणतो.

शगुआनासमध्ये एका खेळाला माझ्या शेजारी एक वृद्ध बाई त्यांच्या नातवंडांसह बसल्या होत्या. जुन्या गाण्याचे नवे रूप पडद्यावर सुरू होताच त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत एकही अक्षर न चुकता ते गुणगुणले, ताना आणि हरकती यांसह; आणि गाणे संपल्यावर माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारले, की मधल्या ओळीचा अर्थ नेमका काय, तो त्यांना लहानपणापासून विचारायचा होता. मी सांगितला. त्यांनी तो नातीला सांगितला, नातीने पुढच्या खुर्चीतल्या भावाला. पडद्यावर तेवढ्यात खलनायकाचा प्रवेश झाला म्हणून ती चर्चा तिथेच थांबली.

आपल्याला सवय व्हायला वेळ लागतो तो हशाच्या वेळेचा. सबटायटलची ओळ संवाद पूर्ण होण्याआधी पडद्यावर उमटते, त्यामुळे विनोदी प्रसंगात सारे प्रेक्षागृह नटाने वाक्य संपवण्यापूर्वीच हसते आणि कानांनी चित्रपट पाहणाऱ्या आपल्यासारख्याचे वाक्य त्या हशात बुडून जाते. म्हणून मी अशा खेळांना खालची ओळही वाचत जातो. त्याने विनोद हातचा जात नाही, आणि कधीकधी भाषांतरकाराने काय गाळले हेही कळते.

या आवडीचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो, आणि तो इथल्या मराठी माणसांनाही सहसा ठाऊक नसतो. त्रिनिदादमध्ये 1935 मध्ये दाखवला गेलेला पहिला भारतीय बोलपट ‘बाला जोबन’ हा बाबूराव पटेल यांनी दिग्दर्शित केला होता. पालघरजवळच्या मासवणचे हे बाबूराव त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक म्हणून आपल्याला परिचित आहेत. मळ्यातल्या कामातून जेमतेम बाहेर पडलेल्या लोकांनी साता समुद्रांपलीकडे आपल्यासारखे चेहरे प्रथमच पडद्यावर बोलताना पाहिले ते या चित्रपटात, आणि आजही हिंदी चित्रपटाला तीन पिढ्या एकत्र येण्याची जी रीत इथे दिसते, तिची सुरुवात तिथे आहे.

आता उणिवांविषयी. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे हिंदी चित्रपटांच्या खेळांची अनिश्चितता. मोठ्या नटांचा चित्रपट भारताबरोबरच प्रदर्शित होतो, पण मध्यम आकाराचा, चांगल्या कथेचा चित्रपट आला तरी आठवड्याभरात उतरतो आणि तोवर त्याला दिवसातून एखादाच, तोही गैरसोयीच्या वेळेचा खेळ मिळतो. नोकरदार माणसाने तो पाहायचा तरी कधी? एका चित्रपटगृहात तर ऑनलाइन वेळापत्रकात असलेला खेळ प्रत्यक्षात रद्द झाल्याचे आम्हाला तिकीटखिडकीवर पोहोचल्यावर कळले. तिथल्या मुलीने नम्रपणे क्षमा मागितली, परंतु तासभराचा रस्ता तुडवून मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला क्षमेपेक्षा अद्ययावत वेळापत्रकाची गरज असते. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी. दुसरे म्हणजे, हिंदी चित्रपटाला इथे मध्यंतर नसते. पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी झळकते आणि पुढच्याच क्षणी उत्तरार्ध सुरू होतो, त्यामुळे तीन तासांच्या चित्रपटाला लहान मुलांना कधी बाहेर न्यायचे हे आधीच ठरवावे लागते. गाण्यांच्या वेळी कोणीही उठत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. लोक उठतात ते संवादांच्या प्रसंगात.

मराठी चित्रपट इथल्या व्यावसायिक पडद्यावर लागल्याचे मी पाहिलेले नाही. मराठी कुटुंबे थोडी आहेत आणि कोणत्याही वितरकाने तेवढ्यावर हिशेब मांडावा अशी अपेक्षा नाही. तरीही 2006 पासून साधारणतः सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या त्रिनिदाद अँड टोबॅगो चित्रपट महोत्सवाकडे लक्ष ठेवावे असे मी आवर्जून सुचवेन. कॅरिबियन बेटांवरचे आणि तिथून परदेशी गेलेल्या लोकांचे चित्रपट त्यात पाहायला मिळतात, दिग्दर्शक अनेकदा समोर असतात, आणि ज्या देशात आपण राहतो तो समजून घ्यायला याहून चांगली संध्याकाळ मिळणे कठीण आहे.

भारतातून फोनवर येणाऱ्या संदेशांचीही काळजी घ्यावी. आपण भारताच्या साडेनऊ तास मागे असल्यामुळे शुक्रवारचा सकाळचा खेळ पाहून मुंबईतले नातेवाईक बाहेर पडतात तेव्हा इथे पहाटही झालेली नसते, आणि उठल्या उठल्या चित्रपटाचा शेवट हातात येतो. रहस्यपट असेल तर कुटुंबाच्या गटातून तेवढ्यापुरते दूर राहणेच बरे.

जाण्यायेण्याचा विचार आधी करावा. दिवसा मॅक्सी टॅक्सी, म्हणजे ठरावीक मार्गांवरच्या छोट्या बसगाड्या, उत्तम आहेत: पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेट या वाहनतळावरून शगुआनासकडे हिरव्या पट्ट्याच्या आणि पूर्वेकडे लाल पट्ट्याच्या गाड्या सुटतात. रात्री उशिरा त्या विरळ होतात, म्हणून शेवटचा खेळ पाहायचा असेल तर स्वतःची गाडी किंवा ओळखीचा चालक असावा. रस्त्यात गाडी थांबवायची वेळ आलीच तर नंबरपाटी ‘एच’ने सुरू होते ना, हे पाहावे, कारण प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या गाड्यांची तीच खूण आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी राजधानीतून बाहेर पडणाऱ्या महामार्गांवर संध्याकाळी वाहने अक्षरशः खोळंबतात, तेव्हा साडेपाचच्या खेळासाठी चारलाच निघावे. बाहेर बारा महिने उकाडा असला तरी प्रेक्षागृहातली वातानुकूलन यंत्रणा अंगात कापरे भरवते; इथले लोक चित्रपटाला जाताना जाकीट घेतात, आपणही घ्यावे, मुलांसाठी पातळ चादर घ्यावी. खाण्याच्या बाबतीत माझा सल्ला असा, की आत पॉपकॉर्नचा लहान पुडाच घ्यावा आणि भूक बाहेरच्या डबल्ससाठी राखून ठेवावी. हळदीच्या दोन मऊ बाऱ्यांमध्ये (तळलेल्या पुरीसारख्या पोळ्यांमध्ये) रसदार चणे, वर काकडी, चिंचेची चटणी आणि मागाल तेवढी तिखट मिरचीची चटणी, असा तो पदार्थ रस्त्याकडेच्या गाडीवर उभ्याने खायचा असतो. तिखटाचे प्रमाण विचारले जाते तेव्हा पहिल्या वेळी ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडे, एवढेच सांगावे.